टूथपिक, चिकटपट्टी आणि सबुरी

प्रिय ताई,

नखांवर नक्षी काढायची मला भारी हौस, पण घरात नेलपॉलिशच्या पाच-सहा बाटल्यांपलीकडे काही नाही. व्हिडिओत बघावं तर प्रत्येकीच्या हातात ठिपक्यांची वेगळी काडी, केसाएवढा बारीक ब्रश, ठसे उमटवायचा संच. मी टूथपिकनेच काहीबाही करते. डावा हात बरा जमतो, उजव्याचं मात्र लहान मुलाने रंगवल्यासारखं होतं. कधी बुडबुडे येतात. कधी सुकलं म्हणून झोपावं, तर सकाळी चादरीची वीण नखांवर उमटलेली. सगळं जमलंच तर शेवटी टॉप कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, लावताना ठिपक्यांना शेपट्या फुटतात. दिवसभर कीबोर्ड बडवते, त्यामुळे नखंही आखूडच. अशा नखांवर काही शोभेल का? आणि दिवा आणून घरीच जेल, म्हणजे दिव्याखाली कडक होणारं नेलपॉलिश, सुरू करू का? मैत्रीण म्हणते, त्याशिवाय घरी केलेलं टिकतच नाही.

— हौस दांडगी, हात लेचापेचा

* * *

हौस दांडगी,

तुझा हात लेचापेचा असल्याचा पुरावा मला पत्रात कुठे सापडला नाही. बुडबुडे, चादरीची वीण आणि शेपट्या, या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. खालचं नेलपॉलिश सुकलं नव्हतं आणि तू पुढचं काम सुरू केलंस. घरच्या घरी नक्षी काढताना काडी कुठली आणि ब्रश कुठला यावाचून फारसं अडत नाही. अडतं ते खालचा थर त्या घडीला किती ओला आहे यावर. काही नक्ष्या ओल्या थरावरच होतात, काही पूर्ण सुकलेल्या थरावरच होतात, आणि अर्धवट सुकलेल्या थरावर काहीही धड होत नाही. म्हणून आधी सुकण्याचं बोलू, हत्यारं नंतर.

नेलपॉलिशमध्ये मुख्यतः नायट्रोसेल्युलोज असतं. (१९२० च्या दशकात मोटारगाड्यांना चकाकी द्यायच्या लॅकरमध्येही हेच असायचं, त्यामुळे आपण नखांना गाडीचाच रंग फासतो म्हटलं तरी चालेल.) ते एथिल अ‍ॅसिटेट, ब्यूटिल अ‍ॅसिटेट अशा चटकन उडून जाणाऱ्या द्रावकांत विरघळवलेलं असतं. द्रावक उडालं की नखावर पापुद्रा उरतो, सुकणं म्हणतात ते एवढंच. पण ते उडतं वरच्या बाजूने. थर जाड दिला की वरचा भाग आधी आवळून येतो आणि खालचं द्रावक आत कोंडतं. ते जोर करून बाहेर पडलं की बुडबुडे. नाही पडलं तर नख वरून कोरडं आणि आतून मऊ. बोट लावून बघितलं तर चिकटत नाही, आपण निर्धास्त झोपतो आणि सकाळी चादर नखांवर छापलेली असते. पातळ थर वरवर कोरडा व्हायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण दोन-तीन थर आणि वर टॉप कोट एवढं सगळं आतपर्यंत टणक व्हायला काही तास जातात. तेव्हा झोपायच्या आधी नखं रंगवायला बसूच नकोस. सुट्टीची दुपार बघ.

एका जाड हाताऐवजी दोन किंवा तीन पातळ हात दे. पहिल्या हातानंतर नख आरपार दिसेल, ब्रशच्या रेघाही दिसतील. दिसू देत. तिथे बेचैन होऊन पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला की थर उचकटतो. बाटली जोरजोरात हलवू नकोस, हवा मिसळते. दोन तळव्यांच्या मध्ये धरून घोळव. पंख्याखाली बसलीस तर हरकत नाही, पण हेअर ड्रायरची गरम हवा बुडबुड्यांना आमंत्रण देते. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवायची युक्ती सगळीकडे सांगतात. गार पाण्याने वरचा थर कडक लागतो खरा, पण द्रावक आतच राहतं. घाईत ओरखडा टळेल इतपतच त्याचा उपयोग, तेवढ्याने सुकलं असं समजू नकोस.

सुकलं का ते बघायचं असेल तर नखावर बोट दाबू नकोस. दोन रंगवलेली नखं एकमेकांना अगदी हलकेच टेकव आणि सोड. सुटताना किंचित जरी ओढ जाणवली तरी अजून वेळ आहे.

तयारीचं थोडक्यात सांगते. नखं कोरडी असतानाच कानशीने आकार दे, एकाच दिशेने. रंगवण्याआधी हात पाण्यात भिजवत बसू नकोस. नख पाणी शोषून थोडं फुगतं, नंतर सुकून पूर्ववत होतं, आणि वरचा रंग या ओढाताणीत लवकर टवका सोडतो. भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच बसू नये ते याचसाठी. कापसाला रिमूव्हर लावून प्रत्येक नख एकदा पूस, डोळ्यांना दिसत नसलं तरी त्यावर तेल आणि क्रीम असतंच. मुळाशी असलेली कातडी कापू नकोस. ती नखाच्या फटीतून जंतू आत जाऊ देत नाही. फार वर आली असेल तर आंघोळीच्या वेळी मऊ झालेली असताना टॉवेलने मागे सार. रंगाच्या आधी पारदर्शक बेस कोट लाव, विशेषतः गडद लाल किंवा निळा लावणार असशील तर, नाहीतर नखं पिवळी पडतात. आणि खिडकी उघडी ठेव, जवळपास गॅस, मेणबत्ती, उदबत्ती काही नको. ही द्रावकं भुर्रकन पेट घेतात.

आता हत्यारं. ठिपक्यांसाठी केसांची पिन घे, जिच्या टोकांना प्लास्टिकचा गोल थेंब असतो ती. मध्यम ठिपका हवा असेल तर हीच सगळ्यात भरवशाची. मोठ्या ठिपक्यासाठी पेन्सिलच्या मागचं खोडरबर, त्यात रंगीत गोल डोक्याची टाचणी टोचून धर. म्हणजे टाचणीला दांडा मिळतो आणि बोटं थरथरत नाहीत. लहान ठिपक्यासाठी संपलेल्या बॉलपेनची रिफिल. टोक आधी रिमूव्हरने नीट पूस, नाहीतर उरलेली शाई पांढऱ्या ठिपक्यात निळी उतरते. टूथपिकचं अणकुचीदार टोक ठिपक्यांना वाईट, कारण ते नख ओरबाडतं आणि थेंब धरत नाही. ते टोक कागदावर दाबून जरासं बोथट कर, मग बघ. रंग ओतायला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा घे. कागद रंग शोषून घेतो आणि पातळ प्लास्टिकचं झाकण द्रावकाने विरघळू शकतं.

ठिपका काढणं म्हणजे टेकवणं. ओढणं नाही, दाबणं नाही. फॉइलवर रंगाचा थेंब टाकून अर्धा-एक मिनिट तसाच ठेव. ताजा थेंब पातळ असतो आणि नखावर पसरतो. किंचित दाट झाला की बसतो तिथे राहतो. पिन त्यात बुडवताना टोकाला थेंब लटकलाय का बघ. लटकलेला हवा, माखलेला नको. मग पिन नखाला काटकोनात सरळ धर आणि पिनचं टोक नखाला लागू न देता फक्त थेंब लागू दे. थेंब आपणच नखावर उतरतो आणि गोल बसतो. पिन तिरकी धरलीस तर अंडाकृती येतो. सगळे ठिपके एकाच मापाचे हवे असतील तर दर ठिपक्याला नव्याने बुडव. एकदा बुडवून तीन-चार टेकवलेस तर मोठ्यापासून लहानपर्यंत उतरती रांग मिळते, ती मुळापासून टोकाकडे नेलीस तर मुद्दाम केल्यासारखीच दिसते. पिनवर रंग सुकून गोळा झाला की ठिपका वेडावाकडा येतो, तेव्हा मधूनमधून पूस.

हा ठिपका जमला की निम्मं काम झालं. पाच ठिपके गोलाकार आणि मध्ये वेगळ्या रंगाचा एक, झालं फूल. दोन ठिपके शेजारी टेकवून, ते ओले असतानाच टूथपिकने दोन्ही खाली ओढून एका बिंदूला मिळव, झालं बदाम. ठिपका टेकवून टोक एकाच बाजूला ओढलं तर पान. म्हणजे तुला छळणारी ती शेपटी इथे आपण मुद्दाम काढतो.

ओल्यावरची नक्षी ती हीच. थोडी आणखी पुढे नेऊ. दुसरा हात दिल्या दिल्या, तो ओला असतानाच, त्यावर दुसऱ्या रंगाचे तीन ठिपके एका रांगेत टाक आणि टाचणीच्या टोकाने मधोमध एकाच झटक्यात आरपार रेघ ओढ. ठिपक्यांची बदामांची माळ होते. समांतर रेघा काढून त्यांवर आडवी टाचणी फिरवली तर लाटा येतात. इथे वेळ फार कमी असतो, मिनिटभराचा खेळ. त्यामुळे एकावेळी एकच नख, आणि सगळे रंग आधी फॉइलवर काढून तयार. टाचणी दर ओढीनंतर पूस. तीच तीच ओढ तीनदा मारलीस की सगळे रंग मिसळून मातकट होतात, म्हणून आवडलं तिथे हात काढून घे. मुळातच थोडा वेडावाकडेपणा या नक्षीत खपतो, त्यामुळे नवख्या हाताने सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे.

सुकलेल्यावरच्या नक्षीत चिकटपट्टी राणी. एका रंगाचे दोन हात देऊन तास-दोन तास सुकू दे. खरंच तास-दोन तास, नाहीतर पट्टीबरोबर रंगही निघेल. साधी सेलोटेप किंवा कागदी पट्टी घे, आधी हाताच्या पाठीवर एक-दोनदा चिकटवून काढ म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो. नखावर तिरकी लाव आणि तिची कड नखाच्या कडेने दाबून घे, विशेषतः जिथे नख वळतं तिथे. उघड्या भागावर दुसरा रंग पातळ लाव. आता महत्त्वाचं हे की पट्टी लगेच काढायची, वरचा रंग ओला असतानाच. सुकू दिलास तर दोन्हीकडचा पापुद्रा एकसंध होतो आणि पट्टी काढताना कड दातेरी फाटते. म्हणजे खालचा थर पुरता सुका आणि वरचा पुरता ओला. एक नख रंगव, पट्टी काढ, मग पुढचं.

पट्टीचे दोन तुकडे आडवेतिडवे लावून त्रिकोण होतो, बारीक फट सोडून लावले तर रेघ. नक्षीची कात्री असेल तर पट्टीची एक कड नागमोडी कापून घे. जखमेवर लावायच्या काही पट्ट्यांना बारीक छिद्रं असतात, ती छिद्रं म्हणजे तयार ठिपक्यांचा साचा. फाइलच्या कागदाच्या भोकाभोवती चिकटवायच्या गोल रिंगा मिळाल्या तर नखाच्या मुळाशी अर्धचंद्र सुरेख निघतो. ही अर्धचंद्राची फॅशन १९२०–३० च्या दशकांतली आहे, तेव्हा मुळाचा चंद्र कोरा सोडून बाकी नख रंगवायचे.

दोन रंग एकमेकांत विरलेले हवे असतील तर स्पंज. मेकअपचा पाचरीच्या आकाराचा असतो तो, नाहीतर भांड्यांचा नवा कोरा स्पंज, मऊ बाजू. आधी किंचित ओला करून पिळून घे म्हणजे रंग सगळा पिऊन टाकत नाही. नखावर आधी पांढरा किंवा दोहोंपैकी फिकट रंग देऊन सुकव. मग स्पंजवर दोन रंगांच्या पट्ट्या शेजारी शेजारी, एकमेकींना किंचित चढलेल्या अशा लाव आणि नखावर हलकेच टिपत जा, टिपताना स्पंज वरखाली केसभर सरकव. पहिल्या फेरीत फार केविलवाणं दिसतं. पृष्ठभाग खरखरीत, रंग विरळ, बुडबुडे. सोडून देऊ नकोस, सुकवून पुन्हा टिप. दोन-तीन फेऱ्यांनी रंग भरतो आणि खरखर टॉप कोटखाली सपाट होते. आजूबाजूच्या कातडीवर रंग हमखास लागणार, म्हणून आधीच तिथे व्हॅसलीनचा पातळ हात दे. नखावर मात्र कणभरही जाऊ देऊ नकोस, तिथला रंग धरणार नाही.

वर्तमानपत्राच्या अक्षरांचं एक गमतीचं प्रकरण आहे. फिकट रंग पूर्ण सुकवून नखावर सर्जिकल स्पिरिट लाव, छापील तुकडा पालथा ठेव, अर्धं मिनिट न हलवता दाब आणि अलगद उचल. अक्षरं उतरतात, पण आरशातल्यासारखी उलटी. वाचायला कोणी जाऊ नये. गुळगुळीत मासिकाच्या कागदाची शाई सहसा उतरत नाही, साधं वर्तमानपत्रच हवं.

आणि एका गोष्टीच्या नादी लागू नकोस, ती म्हणजे पाण्यावर रंग सोडून त्यात बोट बुडवायचा प्रकार. व्हिडिओत दहा सेकंदांत होतं. घरी पाणी थोडं गार असलं, बाटली थोडी जुनी असली की रंग पसरतच नाही, पसरला तर बोट बुडवेपर्यंत सुकतो, आणि एका नखासाठी अर्धी बाटली पाण्यात जाते. वर पेरापर्यंत रंगलेलं बोट साफ करण्यात संध्याकाळ जाते ती वेगळीच.

आता उजवा हात. याला दोन उपाय आहेत. पहिला बसण्याचा. टेबलाशी बस, दोन्ही कोपरं टेकव, रंगवणाऱ्या हाताची करंगळी दुसऱ्या हाताला टेकवून आधार घे. डाव्या हातात ब्रश असेल तेव्हा तो हात जवळजवळ स्थिर ठेव आणि उजवं बोट ब्रशखालून फिरव. वेगळं वाटेल, पण सवयीचा हात इथे हलणाऱ्या बाजूला येतो आणि रेघ सरळ पडते. शिवाय उजव्या हातापासून सुरुवात कर, म्हणजे अवघड काम करताना डाव्या हाताची नखं ओली नसतात आणि जीव मुठीत धरून बसावं लागत नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. उजव्या हातावर नक्षी काढूच नकोस, ती चिकटव. जाड, गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी घे, झिप असलेली असते तशी. तिच्यावर टॉप कोटचा नखापेक्षा थोडा मोठा चौकोन लाव, सुकव, त्यावर आपल्या उजव्या हाताने निवांत फुलं, ठिपके, काय हवं ते काढ, सुकव, वर पुन्हा टॉप कोट. असे डझनभर करून ठेव, बिघडले ते फेकता येतात हा मोठा दिलासा. रात्रभर सुकले की चिमट्याने कडेपासून सोल. रबरासारखा लवचीक पापुद्रा निघतो. ताणून फाटला तर एकतर तो सुकलेला नाही, नाहीतर फार पातळ झालाय. नखाच्या आकाराचा साधारण कापून घे, उजव्या नखावर टॉप कोटचा पातळ हात देऊन तो चिकट झाला की पापुद्रा ठेव आणि मधून कडांकडे दाबत जा. बाहेर आलेला भाग रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या टूथपिकने कडेकडेने फिरवलास की विरघळून सुटतो. वर शेवटचा टॉप कोट. आता दोन्ही हात एकाच हाताने काढलेले, तेव्हा फरक कोणाला कळणार?

कातडीवर सांडलेल्या रंगाचं वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्यांचा सांडतो. टूथपिकला कापसाची वात गुंडाळ, रिमूव्हरमध्ये बुडव, फॉइलवर जरा टिप म्हणजे थेंब गळणार नाही, आणि नखाच्या कडेने फिरव. निम्मी सफाई इथे दिसते. जुना सपाट ब्रश असेल तर आणखी बरं.

शेपट्यांकडे येऊ. टॉप कोटमध्येही तीच द्रावकं असतात, त्यामुळे तो खालच्या रंगाला पुन्हा विरघळवू लागतो. ठिपका हा थरापेक्षा जाड असतो म्हणून उशिरा सुकतो, हे आपण विसरतो. नक्षीनंतर किमान अर्धा तास थांब, ठिपके टपोरे असतील तर तासभर. मग ब्रशवर भरपूर टॉप कोट घे. बाकी सगळीकडे पातळ म्हटलं, इथे मात्र भरघोस. थेंब मुळाजवळ ठेव आणि ब्रशने फक्त तो थेंब पुढे ढकल. ब्रशचे केस नक्षीला लागले नाहीत पाहिजेत, मध्ये द्रवाचा थर हवा. एका फटक्यात टोकापर्यंत, मग डावीकडे एक, उजवीकडे एक, बस. चौथा फटका शेपटी काढतो. शेवटी ब्रश नखाच्या धारेवरून आडवा फिरवून धार बंद कर. कीबोर्डवर आपटणारी नखं टोकापासूनच टवके सोडतात, तुला याचा सगळ्यात जास्त फायदा.

आखूड नखांवर शोभेल का म्हणतेस, तर काही गोष्टी आखूड नखांवरच शोभतात. उभी बारीक रेघ, मुळाशी एकच ठिपका, एका कोपऱ्यात अर्धं फूल. नख रुंद दिसत असेल तर दोन्ही कडांना केसभर जागा कोरी सोड, लांबट वाटतं. जपायचं ते एकाच ठिकाणी, टोकाला पांढरी जाड पट्टी देणारं फ्रेंच मॅनिक्युअर आखूड नखाला आणखी आखूड करतं. (नाव फ्रेंच असलं तरी ते १९७० च्या दशकात अमेरिकेत हॉलिवूडच्या नट्यांसाठी निघालं, जेफ पिंक या ऑर्ली कंपनीच्या संस्थापकाला त्याचं श्रेय देतात.) हौस असेल तर पट्टी दोरीइतकी बारीक ठेव. दहाही नखांवर नक्षी काढायचा अट्टहासही सोड. दोन बोटांवर नक्षी, बाकी आठांवर साधा रंग, हे डोळ्यांना बरं दिसतं आणि तासाभराचं काम वाचतं. टिकल्या, खडे लावायचे तर ओल्या टॉप कोटवर. झटपट चिकटणारा गोंद नखांच्या आसपास नको. सायनोअ‍ॅक्रिलेटचा तो गोंद कापसावर सांडला की इतका तापतो की भाजतं.

राहिला जेलचा दिवा. मी तरी घेऊ नको म्हणेन. जेल द्रावक उडून सुकत नाही, दिव्याच्या अतिनील प्रकाशाने त्याची रासायनिक क्रिया होऊन ते कडक होतं. दिवा आणि जेल एकमेकांना साजेसे नसले, थर जाड झाला, तर वरून कडक आणि आत कच्चं राहतं. हे कच्चं जेल कातडीला वारंवार लागलं की त्यातल्या मेथॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. दातांच्या काही फिलिंगमध्ये आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतल्या सिमेंटमध्ये याच कुळातली रसायनं असतात, म्हणजे प्रश्न नखांपुरता उरत नाही. नवशिकीचा रंग कातडीवर सांडतोच, वर आपण तेच बोललो. साधं नेलपॉलिश सांडलं तर पुसता येतं. टिकण्याबद्दल मैत्रिणीचं खरं आहे, जेल जास्त दिवस टिकतं. पण टॉप कोटचा एक पातळ हात दर दोन-तीन दिवसांनी दिलास आणि भांडी घासताना हातमोजे घातलेस तर साधं नेलपॉलिशही आठवडाभर निभावतं. त्यानंतर तुलाच नवीन काहीतरी काढावंसं वाटेल.

काढताना सोलू मात्र नकोस, टवका उचकटलेला दिसला की बोट शिवशिवतं हे माहीत असूनही. पापुद्र्याबरोबर नखाचा वरचा थरही निघतो, आणि बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं, म्हणजे मुळाशी झालेली इजा टोकाला येऊन कापली जायला सहाएक महिने. चमकी लावली असेल तर कापूस रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर ठेव, वर फॉइल गुंडाळ, पाच मिनिटांनी दाबून एका ओढीत काढ. मग हात धू आणि नखांच्या मुळाशी तेल चोळ, अ‍ॅसिटोन नखं फार कोरडी करतं. आणि बाटली घट्ट झाली म्हणून तिच्यात रिमूव्हर ओतू नकोस. रंग पातळ होतो, पण मग तो नखावर नीट धरत नाही. नेलपॉलिशचं थिनर वेगळं मिळतं, त्याचे दोन-तीन थेंब पुरतात. झाकण लावण्याआधी बाटलीची मान रिमूव्हरने पुसत गेलीस तर बहुधा तीही वेळ येणार नाही.

— ताई